कार्ड गेलं, आवाज राहिला

समाजानं सत्कारात रिताले जी शाल दिली, ती आता माह्या शिलाई मशीनवर झाकाले आहे. मशीनवर धूळ बसत नाही. यापेक्षा जास्त उपयोग त्या शालीचा मले तरी दिसला नाही. कोणाले हे मधुकररावपाशी जाऊन सांगाचं असन तर खुशाल सांगा, त्यायच्या घरचं खात नाही मी.

मी सुमन. अड्याळले बाजाराच्या रस्त्यावर माहं दुकान आहे. दुकान कायचं, घराचीच समोरची खोली. ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. रिता माह्या भासऱ्याची पोरगी. भासरे वारले, तेव्हापासून माही मोठी जाऊ देवकाबाई अन् रिता भिंतीपलीकडं राहतात. पोरगी नागपूरले शिकली, तिथल्याच एका छोट्या कंपनीचं कंप्युटरचं काम घरून करते. घरून म्हणजे माह्या दुकानातून. माह्याकडं इन्व्हर्टर आहे हे एक कारण. दुसरं कारण तिनं मले एकदाच सांगतलं. म्हणे, काकू, तुह्या मशीनची खडखड चालू असली का मले बरं वाटते, शांत घरात माहं डोकंच चालत नाही.

हे शांत घराचं काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कोणाले समजणार नाही.

रिताचं लग्न झालं होतं, तुमसरकडं. आठ महिन्यांत वापस आली. सारं गाव विचारे, काय झालं, मारे का? नाही. पीत होता का? नाही. मंग दुसरी बाई? तेही नाही. तो माणूस बोलत नव्हता. मुका नव्हता, बाहेर चांगला बोले. घरात बायकोशी बोलत नव्हता. काही लागलं तर मायले सांगे, माय हिले सांगे. जेवताना मीठ कमी पडलं तर ताटावर बोट वाजवे. ही विचारे, काही चुकलं का माह्याकडून? तर उठून अंगणात जाऊन बसे. आठ महिने! बैलाले तरी माणूस हाकताना दोन शब्द बोलते. पोरीनं हे घरी येऊन सांगतलं तर बाया हसल्या. एवढ्यासाठी सोडलं? म्हणे चांगलं आहे ना, कटकट नाही. मले असा राग आला होता तेव्हा, एकीचं तर ब्लाऊजचं कापड मी तसंच वापस केलं. म्हटलं, जा वो बाई, दुसरीकडून शिवून घे.

तर या पोरीले पुन्हा लग्न कराचं होतं. ती हे उघड म्हणे. तिले बोलणारा माणूस पाहिजे होता, बस.

आमच्या समाजाचा परिचय मेळावा असते दरवर्षी, धान घरी आलं का भंडाऱ्याले एक हॉल घेतात. लग्नाची पोरं-पोरी एकेक करून स्टेजवर जातात, माइक हातात घेऊन नाव, गाव, शिक्षण सांगतात. खाली मायबाप बसून पाहतात. पसंत पडलं का टेबलावर जाऊन विचारपूस करतात. पोरी बिचाऱ्या घाबरतात. अर्धं नाव पोटातच राहते, माइक फुसफुस करते, मागची बाई म्हणते ऐकू नाही येऊन राहिलं. मी पाहिलं आहे ना सगळं.

मधुकरराव समाजाचे अध्यक्ष. पवनीले तांदळाचा व्यापार आहे त्यायचा. एक दिवस ते माह्या दुकानात आले, या समोरच्या स्टुलावर बसले, माह्या हातचा चहा पिले, अन् रिताले म्हणाले, "बेटा, मेळाव्यासाठी कंप्युटरवर काहीतरी बनव ना. जग कुठं चाललं, आपण अजून माइक घेऊन बसलो."

रितानं बनवलं. रोज आपलं कंपनीचं काम उरकलं का हे घेऊन बसे. प्रत्येकाचं एक कार्ड. त्याच्यावर फोटो, नाव, गाव, शिक्षण. अन् कार्डासंग त्याचा स्वतःचा आवाज. घरूनच मोबाईलवर भरून पाठवाचा. नाव-गाव कार्डावर आहेच, तर आवाजात ते नाही सांगाचं, आपण कसे आहो अन् आपल्याले काय पाहिजे तेवढंच सांगाचं. हा नियम रिताचाच. स्टेजवर 'पुढं' हे बटण दाबलं का मोठ्या पडद्यावर कार्ड येईन, आवाज वाजन, अन् ज्याचं कार्ड त्यानं जागेवर फक्त उभं राहाचं. मले भल्ली आवडली ही गोष्ट.

मधुकररावले पण आवडली. त्याच स्टुलावर बसून म्हणाले, "तुहं पण कार्ड टाक रिता. पहिल्यासारखा समाज राहिला नाही आता." हे मी माह्या कानानं ऐकलं. देवकाबाई दारात उभी होती, तिनं डोळ्याले पदर लावला. तिले पोरीचं हेच एक होतं, का चार लोकांसमोर तिचं नाव पुन्हा चांगल्या कामासाठी निघावं.

रितानं तिचा आवाज माह्या दुकानातच भरला. मले म्हणे मशीन बंद कर, गिऱ्हाइकाले दाराबाहेर उभं ठेव. चार वेळा भरला, चार वेळा पुसला, पाचव्यांदा राहू दिला. मी म्हटलं, काय वो, आकाशवाणीवर चालली का? तर हसली. लग्न मोडल्यापासून तशी हसताना मी तिले पाहिली नव्हती.

मेळाव्याच्या आठवडाभर आधी मधुकररावचा फोन आला. रितानं स्पीकरवर टाकला, हात कामात होते तिचे. म्हणाले, बैठक झाली. घटस्फोटवाल्या अन् विधवा बायायचे कार्डं पडद्यावर नको असं ठरलं. पहिल्या लग्नाच्या पोरीचे मायबाप नाराज होतात, आपली लेक त्यायच्या रांगेत दिसते म्हणतात. तुम्हा लोकायसाठी वेगळा कार्यक्रम घेऊ नंतर.

"अन् घटस्फोटवाल्या माणसायचे कार्डं?" रितानं विचारलं.

"माणसायचं वेगळं असते बेटा."

"माहं कार्ड तुम्हीच टाकाले सांगतलं होतं, काका."

"अवं हो, पण आता बैठकीचा निर्णय आहे ना. तूच बनवलं, तूच काढून टाक. तुले तर दोन मिनिटाचं काम."

रिता म्हणाली, "मी नाही काढत," अन् फोन ठेवला. मी टाळ्याच वाजवल्या असत्या, पण देवकाबाई भिंतीपलीकडं ऐकून रडत होती.

मंग मधुकररावनं ते काम कमलेशले दिलं. कमलेश त्यायचा भाचा, भंडाऱ्याले दुकानदारायच्या वेबसाइट बनवून देते. पोट्टा वाईट नाही, पण त्याले सगळं चटकन पाहिजे. पासवर्ड समाजाच्या मंडळापाशी होताच. त्यानं काम झाल्यावर रिताले फोन केला, अन् रिता त्याच्यावर अशी चिडली का मी पायडल थांबवून ऐकत बसली. "वरून काढू नको कमलेश. कार्ड जाईन, आवाज राहीन. जावामधून काढ." तिकडून तो म्हणे, "ताई, दिसत नाही ना आता? मंग झालं की."

मी विचारलं, काय बाई भानगड आहे ही? तेव्हा तिनं मले समजावलं. सारा कारभार तिनं जावा नावाच्या भाषेत लिहिला होता. कोणतं कार्ड कोणाच्या मागं, आवाज कधी सुरू कराचा, कोणतं बटण दाबलं तर काय कराचं, हे सगळं जावाच्या ध्यानात असते. आपल्याले पडद्यावर दिसते ते फक्त वरचं. जावास्क्रिप्ट म्हणून दुसरी भाषा आहे, नावात जावा आहे पण एकमेकीची कोणी नाही. त्या भाषेत एक ओळ लिहिली का पडद्यावरची वस्तू सरळ उचलून फेकता येते. फक्त ती फेकली हे जावाले कोणी सांगतच नाही. तिच्या ध्यानात कार्ड जागच्या जागी असते. पाळी आली का ती त्याले पुकारते, अन् त्याचा आवाज पण सुरू करते.

"मंग बरोबर कसं काढतात?"

"पहिले त्याचा आवाज थांबवाचा. त्याले बांधलेले बटणं सोडाचे. ज्या डब्यात ते बसवलं त्या डब्याले सांगाचं का बाबा, याले आता सोड. मंग पडद्यावरून आपोआप जाते. ज्या भाषेत लावलं, त्याच भाषेत काढाचं."

"म्हणजे उसवून काढाचं, कापून नाही."

"हाव काकू. कमलेशनं कापलं. त्याले जावा येत नाही, अन् मले विचाराले त्याले लाज वाटते."

मी म्हटलं मंग तू दुरुस्त कर. ती आपली तिच्या कंपनीच्या कामाले लागली.

मेळाव्याच्या सकाळी आम्ही तिघी अड्याळवरून भंडाऱ्याच्या बसनं निघालो. जाणं भागच होतं, कारण मधुकररावनं नवीनच काढलं होतं. समाजाच्या लेकीनं एवढी सिस्टीम बनवली, तिचा सत्कार कराचा म्हणे. म्हणजे कार्ड काढाचं अन् शाल द्याची. देवकाबाईले वाटलं, चला, पोरीचा मान तर होऊन राहिला. तिनं ट्रंकेतली जांभळी साडी नेसली होती. पहेला गाव मागं गेल्यावर तिले डुलकी लागली तेव्हा रिता माह्या कानाशी आली.

"काकू, माहा आवाज वाजणार आहे आज. मी काल लावून पाहिलं. पडद्यावर काही नाही, पण आवाज येते."

"अवं मंग काढ ना! अजून वेळ आहे."

"काहून काढू? मी सांगतलं होतं त्याले. त्यायनं मले काढलं, निस्तरतील तेच." मंग थोड्या वेळानं म्हणाली, "त्या हॉलमध्ये मले माहा आवाज ऐकाचा आहे. एकदा तरी."

मी तिचा हात धरून बसली भंडारा येईपर्यंत.

हॉल गच्च भरला होता. आत जागा नाही म्हणून बाहेर मांडवात पण भोंगे लावले होते, तिथंच जेवणाच्या पंगती. मसालेभात, वांग्याची भाजी, बुंदी. आम्हाले पहिल्या रांगेत बसवलं. आधी सत्कार झाला. मधुकररावनं रिताच्या खांद्यावर शाल टाकली, नारळ दिला, अन् माइकवर म्हणाले का अशा लेकी घराघरात जन्माव्या. लोकायनं टाळ्या वाजवल्या. मले त्यायच्या तोंडाकडं पाहवत नव्हतं.

मंग पोरायचे कार्डं सुरू झाले. कमलेश स्टेजवर लॅपटॉप घेऊन बसला होता. एकेक फोटो येई, आवाज येई, पोरगा उभा राही. त्यात दोन बायका सोडलेला एक माणूस होता, केसं काळे करून आला होता. त्याचं कार्ड पडद्यावर हे एवढं मोठं. त्याले टाळ्या पण भेटल्या.

पोरीयची पाळी आली. कार्डं गावाच्या नावानं लावलेले होते, अन् अ पासून सुरुवात. म्हणजे पहिलं गाव अड्याळ. कमलेशनं 'पुढं' दाबलं. पडदा पिवळा पडला. नुसता पिवळा. फोटो नाही, नाव नाही. अन् भोंग्यातून रिताचा आवाज निघाला.

"माहं एक लग्न झालं होतं. ते काहून मोडलं ते मीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुजबुज कराचं काम नाही. त्या घरात माह्याशी कोणी बोलत नव्हतं. मी कंप्युटरचं काम करते. सैपाक येते, पण पोळ्या जाड होतात. लाखोरीची डाळ मी चांगली करते. मले भांडणारा माणूस चालन. रागावला तरी चालन. पण जेवून मुक्यानं उठून जाणारा नाही पाहिजे. ज्याले संध्याकाळी घरी आल्यावर दिवसभराचं सांगाची सवय असन, त्यानं विचारावं. मी ऐकीन. अन् मी पण सांगीन."

शेवटी मागं एक खोकला आहे. तो माहा. एवढं दाबून धरलं होतं तरी निसटला होता.

सगळे मान वळवून पाहत होते का कोण उभी राहते. रिता उठाले लागली. खरंच उठली होती, खुर्चीपासून वीतभर. देवकाबाईनं शालीचं टोक धरलं अन् तिले खाली ओढलं. "बस वो माय, बस, पाया पडते तुह्या." रिता बसली. मागून कोणीतरी हसलं, मंग बरेच हसले. भूत आलं भूत, असं एक पोट्टा ओरडला.

इकडं कमलेश घाईघाईनं लॅपटॉपवर बटणं दाबाले लागला. त्याले आवाज थांबवाचा होता, पण 'थांबवा' हे बटण कार्डावरच होतं, अन् कार्ड तर त्यानंच काढून टाकलं होतं. त्यानं 'मागं' दाबून पाहिलं, पुन्हा 'पुढं' दाबलं, तर तोच आवाज पहिल्यापासून सुरू. माहं एक लग्न झालं होतं. पूर्ण हॉलनं, बाहेरच्या मांडवानं, दुसऱ्यांदा ऐकलं. शेवटी त्यानं भोंग्याची वायरच उपटली. मधुकरराव घाम पुसत माइकवर आले, तर माइक पण बंद. मंग ओरडूनच म्हणाले, "मशीनचा बिघाड आहे! बिघाड आहे! दहा मिनिटं जेवून घ्या सगळे!"

अन् मंग खाली आमच्यापाशी आले. गोड आवाजात म्हणाले, "रिता बेटा, जरा ये ना. तूच पाह्य काय ते. नाहीतर आपल्या समाजाची इज्जत जाईन."

मी म्हटलं, "कोणाची इज्जत जी? हिची गेली तेव्हा कुठं होती समाजाची?" मी जोरातच बोलली. दोन-चार बाया वळून पाहाले लागल्या. पण रिता उठली होती. शाल खांद्यावर तशीच. ती स्टेजवर गेली, पिशवीतून आपला लॅपटॉप काढला अन् लोकायकडं पाठ करून बसली.

मी खालून तिची पाठ पाहत होती. किती वेळ गेला मले माहीत नाही, बुंदीचं पातेलं आत-बाहेर होत होतं. काम संपवून ती उठली तर मधुकरराव तिच्या डोक्यावर हात ठेवाले गेले. ती बाजूले झाली. मंग कार्यक्रम सुरळीत चालला. एकही पडदा रिकामा आला नाही, एकही आवाज चुकला नाही. लोकं म्हणाले, वा, काय सिस्टीम आहे. दिघोरीची रत्नाबाई म्हणून एक विधवा आहे, तिचं कार्ड पण असंच काढलेलं होतं. ती जाताना रिताचा हात धरून म्हणाली, वाचवलं बाई तू मले, माहा आवाज वाजला असता तर मी विहीर जवळ केली असती.

वापस येताना बसमध्ये मी विचारलं, काय केलं तू?

"त्या बाकीच्या बायायचे कार्डं पडद्यापुरते काढले. त्यायची माहिती आत आहे, कोणी विचारलं तर भेटन."

"अन् तुहं?"

"माहं सगळं काढलं काकू. फोटो, नाव, फोन नंबर, आवाज. मोबाईलवरचा पण पुसला. आता कुठं काहीच नाही." देवकाबाई खिडकीकडं तोंड करून बसली होती. रिता म्हणाली, "बरोबर काढलं. उसवून."

मले वाटलं बरं झालं, कटकट मिटली. काय माहीत होतं!

घरी आल्यावर ती शाल तिनं माह्या मशीनवर टाकली. म्हणाली, राहू दे, धूळ बसणार नाही. देवकाबाई त्यानंतर समाजाच्या एकाही कार्यक्रमाले गेली नाही. रिताचं काम चालूच होतं. आधी ती कामाच्या मधात माह्याशी बडबड करे, या गिऱ्हाइकाची नक्कल, त्या बाईची नक्कल. ते कमी झालं. नुसतं किबोर्ड अन् माही मशीन.

उन्हाळा लागला, लग्नसराई आली. माह्या दुकानात कापडाचे गठ्ठे पायात येऊन राहिले होते. एका दुपारी एक बाई आली, सावळी, हसरी, कपाळावर ठळक कुंकू. म्हणाली, मी आनंदाबाई, दिघोरीची. माह्या पोराचं लग्न तुमच्या अड्याळच्या गुड्डीसंग जमलं. ही गुड्डी माह्या दुकानामागच्या गल्लीतली, चांगली पोरगी आहे. तिच्या मायनंच या बाईले माह्याकडं पाठवलं होतं. तिनं पिशवीतून लग्नाच्या साडीचं ब्लाऊजपीस काढलं, मापाले गुड्डीचा जुना ब्लाऊज दिला. म्हणे चार दिवसांवर हळद आहे, नाही म्हणू नको बाई.

मी म्हटलं देईन. स्टूल पुढं केला. रिता कोपऱ्यात तिच्या कामात होती. आनंदाबाई घाम पुसत बोलाले लागली. अशा बायायले विषय लागत नाही.

"आमच्या चंद्रकुमारचं हे दुसरं. पहिली बाळंतपणात गेली बिचारी. तीन वर्षं पोरगा तयारच होत नव्हता. मेळाव्याले पण मीच जबरदस्तीनं नेलं होतं, भंडाऱ्याले. अन् तिथं बाई एक मजाच झाली. आम्ही मांडवात जेवून राहिलो होतो, तर भोंग्यावर एका पोरीचा आवाज आला. काय बोलली ती! म्हणे मले घरी येऊन दिवसभराचं सांगणारा माणूस पाहिजे. आमचा चंद्रकुमार ताट हातात घेऊन उभाच राहिला. दोनदा लावलं त्यायनं, दोनदा ऐकलं. मले म्हणे, माय, हीच. दुसरी पाहू नको."

माही कैची हातात तशीच राहिली. रिताचा किबोर्ड थांबला होता.

"तो आहेच तसा," बाई सांगतच होती. "वावरातून आला का सुरू होते. बैलानं काय केलं, बांधावर कोण भेटलं, तलावात किती पाणी आहे. मी तर कंटाळते बाई! त्याचे वडील कवडूजी म्हणतात, या पोट्ट्याले कोणी ऐकणारी भेटो एकदाची."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय, कार्यक्रम संपल्याबरोबर गेलो टेबलावर. विचारलं, मघाशी जिचा आवाज आला ती पोरगी कोणाची? तो कंप्युटरवाला पोट्टा इकडं तिकडं पाहाले लागला. मंग ते अध्यक्ष आले, मधुकरराव. ते म्हणाले, मावशी, तो बिघाड होता मशीनचा, तपासाले भरलेला आवाज होता, खरी पोरगी नाही ती. आमचा चंद्रकुमार ऐकते का! म्हणे मले दाखवा. तर त्या पोट्ट्यानं सगळे कार्डं उघडून दाखवले, अड्याळपासून शेवटपर्यंत. विधवा-घटस्फोटवाल्या बायायचे वेगळे ठेवलेले होते ते पण दाखवले. सगळे आवाज लावून पाहिले आम्ही. नव्हतीच ना ती त्यात! मंग पोरानं पण सोडलं. महिनाभर गप होता. मंग गुड्डीचं स्थळ आलं, तर हो म्हणाला."

मले सांगता येत नाही माह्या मनात काय झालं. त्या मधुकररावच्या नरडीवर जाऊन बसावं असं वाटलं. त्याले माहीत होतं! शाल खांद्यावर घेऊन ती पोरगी त्यावेळी हॉलातच बसली होती. बोट दाखवाले किती वेळ लागत होता? अन् या पोरीनं स्वतःले इतकं नीट काढलं होतं का त्या हरामखोराचं खोटं पण खरं ठरलं. मी रिताकडं पाहू शकली नाही. बाईले काय सांगाचं होतं मले? हळद चार दिवसांवर, गुड्डीचा ब्लाऊज माह्या मांडीवर.

आनंदाबाईनं विचारलं, "बाह्या कशा ठेवसान?" मी उगाच टेप शोधाले लागली.

कोपऱ्यातून रिता म्हणाली, "कोपरापर्यंत बऱ्या दिसतीन काकी. गुड्डीचे हात लांब आहेत. अन् काठ बाहीलेच लावाले सांगा, पाठीले नाही, म्हणजे पदर घेतला तरी दिसन."

आनंदाबाई वळली. तिच्या हातातला रुमाल तसाच राहिला. ती रिताकडं पाहत होती, मशीनवरच्या शालीकडं नाही, लॅपटॉपकडं नाही, तिच्या तोंडाकडं. "बाई," ती हळूच म्हणाली, "तू बोलली होती का मेळाव्यात? हाच आवाज. माह्या कानात बसला आहे तो."

रितानं तिच्याकडं पाहिलं. मले वाटलं आता ही सांगन. मी मनातल्या मनात म्हणत होती, सांग, सांग पोरी, काय होईन ते होऊ दे. अन् त्याच वेळी मांडीवरचा गुड्डीचा ब्लाऊज मी घट्ट धरून ठेवला होता.

"नाही काकी," रिता म्हणाली. "ती सिस्टीम मीच बनवली होती. बिघाडच होता तो."

आनंदाबाईनं रुमाल कमरेले खोचला. मंग तिनं पिशवी उचलली, परवा येते म्हणाली, अन् उन्हात निघून गेली. दारातून तिनं एकदा मागं पाहिलं.

मी काही बोलाच्या आत रितानं लॅपटॉप पुन्हा मांडीवर घेतला. तिचे हात किबोर्डवर होते, पण चालत नव्हते. खोलीत पंख्याशिवाय काही वाजत नव्हतं.

"काकू," ती म्हणाली, "मशीन चालव ना."

मी शाल बाजूले काढली अन् गुड्डीचा ब्लाऊज शिवाले घेतला.